फिलिपिन्समधील शहराच्या महापौराला खरोखर किती अधिकार असतात आणि त्याची कारकीर्द किती काळ चालू शकते?

आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडला जातो आणि प्रशासनाची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. फिलिपिन्समध्ये मात्र महापौराला मतदार थेट तीन वर्षांसाठी निवडून देतात आणि तोच शहराचा कार्यकारी प्रमुख असतो. 1987च्या राज्यघटनेनुसार सलग तीनपेक्षा अधिक कार्यकाळ त्याला मिळत नाहीत, परंतु मध्ये खंड पडला तर तो पुन्हा निवडणूक लढवू शकतो. ही तरतूद व्यवहारात कशी दिसते, हे जेसी रोब्रेदो यांच्या उदाहरणावरून मी सांगतो.

बिकोल विभागातील नागा शहरात जन्मलेल्या रोब्रेदोंनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन सान मिगेल या मोठ्या कंपनीत नोकरी केली. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची हुकूमशाही राजवट कोसळल्यावर ते गावी परतले आणि 1988मध्ये, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, महापौर झाले. लुईस व्हियाफुएर्ते हे नात्यातील मातब्बर पुढारी आरंभी त्यांच्या पाठीशी होते, पण लवकरच दोघांचे फाटले आणि पुढील निवडणुका त्यांनी त्या घराण्याच्या विरोधात जिंकल्या. 1998मध्ये तीन कार्यकाळ पूर्ण झाल्यावर ते पायउतार झाले, हार्वर्डमध्ये लोकप्रशासन शिकून आले आणि 2001पासून 2010पर्यंत पुन्हा महापौर राहिले.

त्यांच्या कामांपैकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती झोपडपट्टीवासीयांसाठी 1989मध्ये सुरू झालेली योजना. जमीनमालक, रहिवासी आणि नगरपालिका या तिघांना एकत्र बसवून वाटाघाटी करायच्या, जागा विकत घ्यायची किंवा तिची अदलाबदल करायची आणि तिची किंमत रहिवाशांनी हप्त्यांनी फेडायची, अशी तिची रीत होती. फुकट काही द्यायचे नाही, पण कोणाला हुसकावूनही लावायचे नाही, हा त्यामागचा विचार. त्यांना 2000 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आयुष्य घालवलेले जॉकिन अर्पुथम यांनाही त्याच वर्षी तो मिळाला, हा योगायोग मराठी वाचकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

1995मध्ये नागाने एक अध्यादेश काढून स्वयंसेवी व लोकसंघटनांची परिषद स्थापन केली आणि तिच्या प्रतिनिधींना नगरपरिषदेच्या समित्यांमध्ये मतासह स्थान दिले. याचे मोल मी अधिक मानतो, कारण रोब्रेदोंच्या पॅनेलचे उमेदवार एकगठ्ठा निवडून येत असल्याने सभागृहात विरोधी आवाज जवळजवळ उरला नव्हता. एवढे बळ हाती असलेला नेता स्वतःवर अंकुश ठेवणारी व्यवस्था स्वतःच उभी करतो, हे त्या देशातील घराणेशाहीच्या राजकारणात विरळाच.

त्यांच्या स्वतःच्या घरापासूनही मात्र राजकारण दूर राहिले नाही. 2010मध्ये ते अंतर्गत व स्थानिक शासन खात्याचे मंत्री झाले. 18 ऑगस्ट 2012 रोजी सेबूहून नागाला घरी परतत असताना त्यांचे छोटे विमान मासबाते बेटाजवळ समुद्रात कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर राजकारणात उतरलेल्या त्यांच्या पत्नी लेनी 2016मध्ये देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, 2022ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्या आणि 2025मध्ये नागाच्याच महापौर म्हणून निवडून आल्या.