मत्तय २० घेऊन बस, मंग बोलू

प्रिय बेटा,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला. सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या कॉलेजात) सरांनी सांगितलं की पंचग्रंथ, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, मोशेनं एकट्यानं लिहिलेले नाहीत आणि तुझी झोप उडाली, घरी फोन केला तर बाबा म्हणाले असलं काही वाचू नको, विश्वास जाईल. बाबांची काळजी मला समजते, पण तू वाचणं सोडू नको. काऊन म्हणतो ते सांगतो.

आधी तो मोशेचाच प्रश्न घे. उत्पत्ति ६ मध्ये देव नोहाला म्हणतो प्रत्येक जातीचे दोन-दोन घे, आणि पुढच्याच अध्यायात शुद्ध पशूंचे सात-सात घे म्हणतो, पाऊस एका जागी ४० दिवस आहे आणि पाणी एका जागी १५० दिवस. हे कोणी शत्रूनं लिहून ठेवलेलं नाही, आपल्याच बायबलात आहे, फक्त आपण भराभर वाचत जातो म्हणून दिसत नाही. १७५३ मध्ये ज्यां आस्त्रुक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं म्हटलं की मोशेजवळ आधीचे जुने लेख असतील आणि त्यानं ते जोडले असतील, म्हणजे हा माणूस मोशेचा बचाव करायला निघाला होता! पुढे १८७८ मध्ये वेलहाउझेन नावाच्या जर्मन विद्वानानं, पंचग्रंथ चार वेगवेगळ्या जुन्या लेखांतून जुळले, ही चार स्रोतांची मांडणी पक्की केली. त्याच माणसानं १८८२ मध्ये थिऑलॉजीची प्रोफेसरकी सोडून दिली, कारण त्याला वाटलं माझ्या शिकवण्यानं पोरं मंडळीच्या सेवेसाठी तयार होत नाहीत. मला त्याचे सगळे निष्कर्ष पटत नाहीत, आणि आज विद्वानांतही त्या चार स्रोतांवर एकमत नाही, पण त्याचा प्रामाणिकपणा मला लय मोठा वाटतो.

आता माझं म्हणणं ऐक. प्रत्येक पद्धत शास्त्रभागाला एक प्रश्न विचारते आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देऊ शकते. हा मजकूर कुठून आला हे सांगणारी पद्धत, त्या मजकुरातून देव आज काय म्हणते हे सांगत नाही, आणि नाही म्हणूनही सांगत नाही. कोणी तसा दावा केला, इकडून का तिकडून, तर समजायचं की तो आपल्या प्रश्नाच्या बाहेर गेला.

नुसतं बोलून समजणार नाही, म्हणून मत्तय २० काढ, येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. मालक दिवसभरात पाच वेळा बाजारातून मजूर बोलावते, आणि संध्याकाळी शेवटी आलेल्यालाही पहिल्याएवढाच एक दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी देते, म्हणून पहिले कुरकुर करतात. आपल्याकडे हा भाग वेगळा समजवावा लागत नाही. कापूस वेचणीचा सीझन असो का निंदणाचा, सकाळी चौकात पाह, गाडी येते, मुकादम तगडे हात पहिले उचलते, आणि म्हातारी बाई, लंगडत चालणारा माणूस, ते उन्हं चढेपर्यंत तिथंच बसून राहतात.

जुने मंडळीपिते, म्हणजे मंडळीचे पहिल्या शतकांतले शिक्षक, या दाखल्यात रूपक पाहत. इरेनियसनं मजूर बोलावण्याच्या पाच वेळा म्हणजे आदामापासूनचे जगाचे पाच काळ असं लावलं, ओरिजेननं माणसाच्या वयाच्या अवस्थाही त्यात पाहिल्या. सुंदर आहे ते, पण मजूर त्यात हरवून जाते. १८८८ मध्ये युलिखर या जर्मन विद्वानानं दाखल्यांवर पुस्तक काढलं आणि म्हटलं की दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला गुप्त अर्थ चिकटवू नका. तिथून मंग लोक विचारायला लागले की येशूनं हे पहिल्यांदा कोणाला सांगितलं असेल? येरेमियास या दुसऱ्या जर्मन विद्वानाचं उत्तर असं की पापी लोकांवरची देवाची दया पाहून जे कुरकुर करत होते, त्यांना.

हस्तलिखितं तपासणारे आणखी वेगळंच पाहतात. १६ व्या वचनाच्या शेवटी "बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे" हे शब्द नंतरच्या पुष्कळ प्रतींत आहेत, पण चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस प्रतींत नाहीत. तेच शब्द २२:१४ मध्ये आहेत, तिथून कोणा लेखनिकाच्या हातून इकडे आले असावेत. यात घाबरण्यासारखं काय आहे सांग?

मला स्वतःला जास्त आवडते ते गोष्टीची बांधणी पाहणं. मालक कारभाऱ्याला म्हणते, शेवटच्यांपासून मजुरी दे. काऊन? पहिल्यांना पहिले दिली असती तर ते दिनार खिशात घालून घरी गेले असते, भांडण झालंच नसतं. त्यांना ते डोळ्यांनी पाहायला लावलं आहे, आणि त्यांच्यासोबत आपल्यालाही. आणखी एक, घरी कारभारी असताना मालक स्वतः पाच वेळा बाजारात काऊन जाते? यावर विचार कर.

आणि सातवं वचन. "आम्हाला कोणी कामावर लावलं नाही." दिवसभर उभा राहिलेला माणूस हे बोलते. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित थिऑलॉजी, म्हणजे दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती विश्वासाची मांडणी, पुढे आणली, ते महाराष्ट्रातलेच, त्यांनी शिकवलं की ज्याला बाहेर ठेवलं त्याच्या जागेवरून शास्त्र वाचा. तिथून वाचलं की हे वचन साऱ्या अध्यायाचं केंद्र होऊन बसते. याच्या उलट विल्यम हर्झोग हा अमेरिकन विद्वान म्हणतो की मालक म्हणजे देव हेच गृहीत धरू नका, तो एवढा मोठा जमीनदार आहे की मजुरांना बोलायलाही जागा नाही. मला हे पूर्ण पटत नाही, १५ व्या वचनातला मालकाचा चांगुलपणा मला खरा वाटते, पण हर्झोग वाचल्यापासून मी त्या पहिल्या मजुरांना लोभी म्हणणं सोडलं. दिवसभर ऊन त्यांनीच खाल्लं होतं. एक वाचन मात्र टाळ, पहिले म्हणजे यहूदी आणि शेवटचे म्हणजे आपण. येशू यहूदी, ऐकणारे यहूदी, आणि थोडा वेळ काम करून पूर्ण मजुरी मिळालेल्या मजुराची गोष्ट यरुशलेमच्या तालमूदातही (यहूदी गुरूंच्या शिकवणीच्या ग्रंथात) आहे.

बाबांना सांग की हे शिक्षण परकं नाही. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू-ग्रीक शिकून घेतलं होतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत आपल्या यवतमाळातच होती, पुण्याला नंतर गेली. बाबांशी वाद घालू नको, त्यांच्यासोबत बसून एक अध्याय वाच.

आता काम देतो. वहीचं पान आडवं धर, तीन रकाने पाड. मार्क १०:२८ ते ३४, मत्तय १९:२७ ते २०:१९ आणि लूक १८:२८ ते ३४ हातानं लिहून काढ, मोबाईलवर नको. मार्कात "पहिले ते शेवटले" हे वाक्य झाल्याबरोबर येशू यरुशलेमकडे निघते. मत्तयात त्या दोघांच्या मधात काय बसलं आहे ते पाह, आणि ते तिथंच काऊन बसवलं असेल हे तुझ्या शब्दांत एक पानभर लिहून पाठव. पुस्तकातलं उतरवू नको. लूकात ते वाक्य त्या जागी नाही, १३ व्या अध्यायात आहे, तेही पाहून घे.

तुझा,
सर