शेजारच्या प्लॉटवरचे गाजर गवत, कुंपणाची घाणेरी आणि पपईवरचा कापूस

ताई, तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. बायपासपलीकडच्या नव्या कॉलनीत तुम्ही घर बांधले आहे आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दर पावसाळ्यात कमरेइतके गाजर गवत माजते. माळी म्हणतो की तणनाशक मारून एकदाचे मोकळे व्हा, तर आणखी कुणी गाजर गवत खाणारे ‘मेक्सिकन भुंगे’ आणून सोडायला सांगितले आहे. कुंपणाला लावलेली घाणेरी (लँटाना) परदेशी असल्याचे कळल्यापासून ती उपटावी की फुलपाखरांसाठी ठेवावी, हे तुमचे ठरत नाही. आणि परसातल्या पपईच्या पानांमागे पांढरा कापूस धरला आहे. मी इंदुरात उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवले आणि सुदामानगरातल्या माझ्या स्वतःच्या अंगणात हे तिन्ही प्रकार भोगले, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ‘परदेशी’ या शब्दाविषयी. इंदुरात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत उभे राहून आपण जो भुट्ट्याचा किस खातो, त्यातला मका मूळचा अमेरिकेतला आणि त्यातली हिरवी मिरचीही तिकडचीच. बटाटा, पेरू, सीताफळ यांची कुळकथाही तीच. मांडूला दिसणारी, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच आफ्रिकेतली आहे आणि शतकानुशतके मांडूच्या आसपासच उभी आहे. माळव्यातली एक टेकडीही तिने बळकावलेली नाही. तेव्हा परदेशी असणे हा काही गुन्हा नव्हे. आक्रमक म्हणायचे ते अशा झाडाला किंवा किड्याला, जे कुणी न लावता, न जोपासता पसरत जाते आणि इथल्या गवताची, झुडपांची, त्यांवर जगणाऱ्या किड्यापाखरांची जागा घेते. हे त्याला जमते, कारण मायदेशी त्याला खाणारे, पोखरणारे आणि कुजवणारे जे वैरी असतात ते त्याच्याबरोबर बोटीत चढत नाहीत, आणि इथे उतरल्यावर माणसाने उकरून उघडी टाकलेली जमीन त्याला आयती मिळते. वैरी नाही आणि जमीन रिकामी आहे, या दोन गोष्टी धरून ठेवल्या की तुमच्या माळ्याचा सल्ला कुठे चुकतो ते दिसते.

गाजर गवताचे एक भरदार झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकते. बी उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते, आणि ओल असेल तर वर्षातून तीन-चार पिढ्या होतात. बी इतके हलके असते की ओढ्याच्या पाण्याबरोबर, ट्रकच्या टायरला लागलेल्या चिखलाबरोबर आणि विशेष म्हणजे भरावाच्या मुरुमाबरोबर ते गावभर फिरते; नव्या कॉलन्यांत ते आधी दिसते त्याचे कारण हेच. त्याच्या अंगातले पार्थेनिन नावाचे द्रव्य मातीत उतरले की शेजारच्या बियांची उगवण मंदावते. त्याचे परागकण मिरची, टोमॅटो, वांगे यांच्या फुलांवर बसले की फळधारणा घटते. गुरे ते सहसा खात नाहीत, आणि चाऱ्यात मिसळून पोटात गेलेच तर दूध कडू होते. माणसाच्या कातडीला होणारा त्रास सर्वांच्या परिचयाचा आहे: मनगटावर, मानेवर, कोपराच्या आतल्या घडीत लाल चकंदळे उठतात, आणि एकदा ही अॅलर्जी जडली की पुढे नुसत्या सहवासानेही ती उफाळते.

ते अमेरिकेच्या पीएल ४८० या कायद्याखाली मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर आले, ही कथा आपल्याकडे इतकी मुरली आहे की त्याचे ‘काँग्रेस गवत’ हे नावही लोक त्या गव्हाशी जोडतात. नावाचे कारण बहुधा साधे आहे, फुलांचा पांढरा तुरा गांधीटोपीसारखा दिसतो. पुण्यात ते १९५५ साली लक्षात आले आणि पीएल ४८०चा भारताशी पहिला करार १९५६च्या ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे तारखा जुळत नाहीत. त्याआधी १९५१ साली अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता, त्यातून बी आले असणे शक्य आहे. आयात धान्यातून आले हे पटण्यासारखे आहे, पण त्या एका करारावर सगळे खापर फोडणे मला तरी घाईचे वाटते.

आता तणनाशक. काही वर्षांपूर्वी मीही हाच सोपा मार्ग धरला होता. घरामागच्या मोकळ्या पट्ट्यावर जूनअखेर ग्लायफोसेट मारले, आठ दिवसांत सगळे पिवळे पडले आणि मी समाधानाने चहा घेतला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच जागेवर गाजर गवताची अशी दाट लव उगवली की पाय ठेवायला माती दिसेना. ग्लायफोसेट उभ्या हिरव्या झाडाला मारते; मातीतल्या बियांना ते काहीच करत नाही. मी मारले होते त्यात गाजर गवताच्या जोडीने दूर्वा होत्या, टाकळा होता, कुर्डू होता, आघाडा होता, म्हणजे त्याच्याशी झुंजू शकणारी सगळी मंडळी मी स्वतःच्या हाताने हटवून दिली होती. उघड्या जमिनीवर पहिले कोण पोचणार, तर ज्याचे बी सर्वांत जास्त तोच. मीठ टाकण्याचा सल्लाही कुणीतरी देईल; आपली काळी माती आधीच पाणी धरून बसणारी, तिच्यात मीठ घालून ती वर्षानुवर्षे नासवू नका.

भुंग्यांविषयी. हा भुंगा ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, सायीच्या रंगाचा आणि पाठीवर गडद तपकिरी वळणदार रेषा असलेला असतो. १९८३ साली तो मेक्सिकोहून बंगळुरूला आणला, त्याला काय काय खावेसे वाटते याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ साली तो मोकळा सोडला. पुढे तो सूर्यफुलाची पाने खाताना दिसला तेव्हा मोठी ओरड झाली, चौकशी बसली आणि अखेर पिकाला त्याचा धोका नाही असे ठरले. गाजर गवत संपल्यावर भुकेजलेले भुंगे जवळच्या सूर्यफुलावर चढले होते, पण त्यावर त्यांची वंशवेल चालत नाही. आज तो देशभर आपला आपण पसरला आहे. जबलपूरचे खरपतवार अनुसंधान निदेशालय या कामात अग्रेसर आहे, तरी तुम्हाला तिकडून मागवण्याची गरज पडेल असे वाटत नाही. जुलैच्या उत्तरार्धात सकाळी एखादी फांदी वाकवून शेंडा पाहा. कोवळी पाने जाळीसारखी खाल्लेली, खाली पिवळसर गुबगुबीत अळ्या आणि फुलाऐवजी खुरटलेला बोडका शेंडा दिसला, तर भुंगा तुमच्याकडे आधीच हजर आहे. अशा प्लॉटवर ऑगस्टात तणनाशक मारणे म्हणजे त्याचे ताट ओढून घेणे.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो मातीत झोपून असतो, पावसाने जागा होतो आणि त्याची संख्या वाढेपर्यंत गवताची पहिली पिढी फुलून मोकळी झालेली असते. म्हणून ती पहिली पिढी हाताने काढणे आपल्याकडे येते. या आठवड्यात दोन चांगल्या सरी पडल्या आहेत. रोपे वीतभर होतील, माती ओली असेल आणि कळी धरलेली नसेल, अशा दिवशी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर रुमाल अशा तयारीने ती मुळासकट उपटावीत. घरात दम्याचा किंवा त्वचेच्या अॅलर्जीचा कोणी असेल तर त्याने या कामाला हात लावू नये. नुसते कापू नका. बुंध्यातून ते पुन्हा फुटते. प्लॉटमालकाला आधी फोन करून विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, कारण काम दुसरा करणार असतो.

उपटलेल्या ढिगाचे काय करायचे याचे उत्तर आपल्याच गावात शोधले गेले आहे. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत होते, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे, आणि त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी रीत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर, पुरेशी ओल आणि ठरावीक दिवसांनी परतणे, एवढाच तिचा गाभा. ढीग नीट लागला तर आतली उष्णता साठ अंशांच्या पुढे जाते आणि बऱ्याचशा बिया मरतात. पण घरगुती ढिगाच्या कडा तितक्या तापत नाहीत, म्हणून फुलावर आलेले गवत त्यात घालू नका.

मग मोकळ्या झालेल्या जागेवर टाकळा फेका. हिंदीत ज्याला चकौडा म्हणतात तोच, ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपल्या आज्या श्रावणाच्या आगेमागे करत असत. त्याचे बी खरे तर एप्रिल-मेमध्ये फेकतात, यंदा थोडा उशीर झाला आहे, तरी फेका. पसरट पानांनी तो जमिनीवर सावली धरतो आणि गाजर गवताची रोपे खाली दबून राहतात. माझ्या पट्ट्यावर तिसऱ्या पावसाळ्यात गाजर गवत कडेकडेला उरले. संपले नाही, हेही सांगून ठेवतो.

किडा सोडून तण जाते का, अशी शंका कुणी काढेल म्हणून दोन उदाहरणे देतो. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंगासाठी कोचिनील किडा हवा होता; १७९५ साली ब्राझीलहून जो आणला तो निघाला त्याचा हलक्या प्रतीचा चुलतभाऊ. रंग काही मिळाला नाही, पण एका जातीच्या फड्या निवडुंगाची वनेच्या वने त्याने फस्त केली, आणि किड्याकरवी तण हटवण्याचा जगातला बहुधा पहिला दाखला असा चुकून आपल्या देशात घडला. दुसरे उदाहरण अगदी जवळचे: बैतूल जिल्ह्यात सारणीच्या सातपुडा जलाशयावर पसरलेली, लोक जिला ‘चायनीज झालर’ म्हणत ती साल्विनिया, जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी सोडलेल्या एका इवल्या सोंडकिड्याने हटवली. मात्र इंदूरच्या सिरपूर तलावावरची जलपर्णी पाहिली की दुसरी बाजू कळते. भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपलेला हा तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. पण सांडपाणी येत राहील तोवर जलपर्णीला खत मिळत राहते, आणि तिला पोखरणारे सोंडकिडे १९८३ पासून देशात असले तरी तिच्या वाढीपुढे मागे पडतात. किड्याचे काम किड्याने करावे, नाला मात्र माणसानेच अडवायचा असतो.

आता घाणेरी. १८०९ च्या सुमारास ती शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि आज देशातले सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगल तिने व्यापले आहे. हरणे, गुरे तिला तोंड लावत नाहीत, कारण तिची पाने यकृताला विषारी. तिच्या खाली गवत उगवत नाही, म्हणजे चरणाऱ्यांची उपासमार. आणि उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्या वणव्याला जमिनीवरून झाडाच्या शेंड्यापर्यंत शिडी देतात. तुमच्या कुंपणावर फुलपाखरे येतात हे खरे. पण ती मध प्यायला येतात; त्यांच्या अळ्यांना तिथे खायला काही नसते. बुलबुल मात्र काळी फळे खाऊन बी थेट रालामंडल अभयारण्याच्या बाजूला नेऊन टाकतात, आणि तुमच्या घरापासून ते अंतर पाखराला काहीच नाही.

म्हणून माझे मत उपटण्याचे आहे, पण एक खूण आधी तपासा. नर्सरीतल्या काही संकरित जातींना फळ जवळपास धरत नाही. वर्षभर पाहून एकही हिरवे-काळे फळ दिसले नाही तर ती ठेवायला हरकत नाही. फळे धरत असतील तर वरवर छाटणी करून काही साधत नाही, प्रत्येक कापाखाली चार फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सुचवलेली रीत सोपी आहे: कुदळीने माती बाजूला करून जमिनीच्या दोन-तीन बोटे खाली, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्याही खाली, मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे, मुळे आभाळाकडे करून वाळत टाकायचे. पुढची दोन वर्षे जिथे पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपे शोधत राहावे लागते. कुंपणाच्या जागी कढीपत्ता, लिंबू, अडुळसा लावा. पहिल्या दोहोंवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या पोसतात. त्या पाने कुरतडतील, तेव्हा फवारा घेऊन धावू नका.

पपईवरचा कापूस म्हणजे बहुधा पपईचा पिठ्या ढेकूण. मूळचा मेक्सिकोकडचा हा किडा २००८ साली कोईमतूरला दिसला आणि दोन वर्षांत त्याने पपई, तुती, जास्वंद अशी कितीतरी झाडे बेजार केली. औषधे मारली तर मेणचट कापसाखाली तो सुरक्षित राहत असे आणि त्याला खाणारे ढालकिडे मरत. २०१० साली पोर्तो रिकोहून त्याची खास परजीवी गांधीलमाशी आणली गेली, मुंगीहूनही लहान. तिने काही महिन्यांत बागा सावरल्या. म्हणून औषध आणण्याआधी एक पान तोडून उन्हात भिंगाखाली धरा. कापसात फुगलेले, तपकिरी, कडक झालेले ढेकूण आणि त्यांच्या पाठीला टाचणीने पाडल्यासारखे गोल भोक दिसले, तर गांधीलमाशी कामाला लागली आहे. पाण्याच्या जोरदार धारेने पाने धुण्यापलीकडे काही करू नका. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर ती तोडा, कारण गोड चिकट्यासाठी मुंग्या या ढेकणांची राखण करतात. भोक एकही दिसले नाही तर सर्वांत जास्त माखलेली पाने काढून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पानामागचा एक जवळून काढलेला फोटो इथे टाका, मी पाहून सांगतो.