कोळसा वितळत नाही, द्रवतो

प्रश्न असा: ‘कोळसा वितळवून तेल करण्याआधी तो धुतात’ या वाक्यात ‘धुतात’ हा शब्द बरोबर आहे का?

‘धुतात’ बिनचूक आहे. खटकायला हवं ते ‘वितळवून’, आणि ते जिकडेतिकडे वाचायला मिळतं. वितळतं ते मेण, वितळतं ते शिसं. कोळसा बंद भांड्यात नुसता तापवला तर वायू आणि डांबर निघून जातं, मागे कोक उरतो. त्याचं तेल करायचं तर रेणू तोडून त्यांत हायड्रोजन भरावा लागतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेर्गियस यांनी १९१३ मध्ये पेटंट घेतलं ते याच पद्धतीचं. ४५० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब लागणाऱ्या या क्रियेला वितळवणं कसं म्हणायचं? शब्द आहे द्रवीकरण.

आणि काय शब्द आहे! ‘द्रु’ धातू म्हणजे धावणं. त्यातून द्रव, त्यातूनच द्रुत. पण संस्कृतात दुसराही एक ‘द्रु’ आहे: झाड, लाकूड. द्रुम त्याच्याच कुळातला. पाणिनीच्या ‘द्रोश्च’ (४.३.१६१) या सूत्राने या द्रुपासून झालेलं ते ‘द्रव्य’. कोळसा तर अक्षरशः झाडांपासून झालेला, म्हणजे व्युत्पत्तीने अस्सल द्रव्य. आणि त्याचा करायचा द्रव. एका द्रुपासून निघून दुसऱ्या द्रुपर्यंत! ‘द्रव्य’ हा शब्दही वाहण्यावरूनच आला असं सांगणारे पतंजलीच्या महाभाष्यातलं ‘गुणसंद्रावो द्रव्यम्’ (गुण एकत्र धावून येतात ते द्रव्य) पुढे करतात. ते निर्वचन आहे, अर्थ उलगडण्यासाठी केलेलं. त्याला व्युत्पत्ती म्हणून खपवणं मला मुळीच मान्य नाही. पाणिनीचं सूत्र समोर असताना हा हट्ट कशासाठी?

आता धुणं. इथे धुणं म्हणजे वरचा मळ काढणं नव्हे. सोनाराकडची माती धुऊन सोन्याचे कण काढणारा झारेकरी ज्या अर्थाने धुतो, तो हा अर्थ: वेगळं करणं. मॅग्नेटाइटची बारीक पूड कालवलेल्या जड पाण्यात फोडलेला कोळसा सोडला की कोळसा तरंगतो, दगड बुडतो. म्हणून ‘धुऊन राख काढतात’ असंही लिहू नये. कोळशात राख नसते, खनिजं असतात. राख जळल्यावर होते. शिवाय खनिजं सगळीच नकोशी नसतात. लोह आणि गंधकाचं पायराइट द्रवीकरणात उत्प्रेरकाचं काम करतं.

धुतल्यावर कोळसा वाळवतात, दळतात आणि त्याच प्रक्रियेतून निघालेल्या तेलात कालवतात. या मिश्रणाला ‘द्रावण’ म्हणू नका; भुकटी विरघळलेली नसते, तेलात तरंगत असते. ‘राबडी’ चालेल. मात्र दळणं सरसकट लिहू नये. कोळशाचा आधी वायू करून मग तेल करायचं असेल आणि भट्टी स्थिर थराची, म्हणजे कोळशाचा थर रचून त्यातून वायू जाऊ देणारी असेल, तर खडेच लागतात. तिथे बारीक चुरा उलट चाळून बाजूला काढतात, कारण तो खड्यांमधल्या फटी बुजवतो आणि वायूची वाट अडते.