सोव्हिएत राजवटीत वाद्यं कुणाची आणि वादक कुणाचे?

तुमचे मामा सत्तरच्या दशकात मॉस्कोत इंजिनिअरिंग शिकले. ते सांगतात, तिथे संगीताचं शिक्षण जवळजवळ फुकट होतं, वाद्यं स्वस्त होती, कलावंतांना मान होता. तुम्ही मात्र वाचलंत की सॅक्सोफोनवर बंदी होती आणि वादकांना छावण्यांत धाडलं जायचं. यातलं खरं काय, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मामांचं खरं आहे आणि तुम्ही वाचलेलंही खरं आहे. आपल्याकडे संस्थानी काळात बडोद्याला बिनसलं तर गवई कोल्हापूरला किंवा इंदूरला जाऊन नशीब आजमावायचा. सोव्हिएत संघात दुसरा दरबारच नव्हता. संगीतशाळा सरकारी, वाद्यांचे कारखाने सरकारी, सभागृहं सरकारी, आणि 1964 पासून रेकॉर्डी काढणारी 'मेलोदिया' हीसुद्धा सरकारीच. देणाराही तोच आणि हिसकावणाराही तोच.

आधी देण्याबद्दल लिहितो, कारण ते कमी सांगितलं जातं. क्रांतीनंतर सरदार-जमीनदारांच्या वाड्यांतली व्हायोलिनं, चेलो आणि व्हियोला सरकारजमा झाली. 1919 पासून त्यांचा राष्ट्रीय संग्रह उभा राहिला. बोल्शोई थिएटरमधला चेलोवादक व्हिक्टर कुबात्स्की याने या कामी फार खटपट केली. स्ट्रादिवारी आणि ग्वार्नेरी या इटलीतल्या नामांकित कारागिरांच्या हातची वाद्यं त्यात होती. ती काचेच्या कपाटात बसून राहिली नाहीत. गुणी वादकाला ती वाजवायला मिळत, परदेशी स्पर्धेला जाताना मिळत. ज्याच्या बापाला असं वाद्य सात जन्मांत घेता आलं नसतं, अशा पोराच्या हनुवटीखाली ते आलं. ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

तीच कथा शिक्षणाची. गावोगावी मुलांच्या संगीतशाळा होत्या, अभ्यासक्रम बहुधा सात वर्षांचा आणि फी किरकोळ. हुशार मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. ओडेसातली स्तोल्यार्स्कींची शाळा 1933 ची. घरात पियानो हवा तर लेनिनग्राडच्या 'क्रास्नी ऑक्त्याब्र' कारखान्याचा मिळे. हा कारखाना म्हणजे मूळची बेकर कंपनी, सरकारने ताब्यात घेऊन नव्या नावाने चालवलेली. त्या पियानोंचा आवाज काही स्टाइनवे या नामांकित कंपनीच्या पियानोचा नव्हे, पण मध्यमवर्गीय घरात पोरगी रोज बसून सराव करू शकत होती. या व्यवस्थेचं फळ ऐकायला मॉस्कोला जायची गरज नाही. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये 2006 साली उभा राहिलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐका. त्याचे संगीत संचालक मारात बिसेनगालिएव हे सोव्हिएत काळातल्या कझाकस्तानात घडलेले व्हायोलिनवादक, आणि वाद्यवृंदातले कितीतरी वादक तिकडूनच आले.

आता दुसरी बाजू. 1937 साली ब्रसेल्सच्या इझाय व्हायोलिन स्पर्धेत सोव्हिएत वादक दाविद ओइस्त्राख पहिले आले आणि पहिल्या सहांपैकी पाच जागा सोव्हिएत वादकांनी पटकावल्या. देशभर कौतुक झालं. त्याच 1937 मध्ये मॉस्कोत रात्री-बेरात्री अटका चालल्या होत्या. त्या दिवसांबद्दल ओइस्त्राख यांनी पुढे चेलोवादक रोस्त्रोपोविच यांना जे सांगितलं, ते रोस्त्रोपोविच यांच्या पत्नी, गायिका गालिना विश्नेव्स्काया यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. इमारतीतली बिऱ्हाडं एकेक करून रिकामी होत होती. बायकोने गरम कपडे आणि खाण्याचं बांधून तयार ठेवलं होतं. रोज रात्री कान दाराकडे. एका रात्री गाडी आली, पावलं त्यांच्याच मजल्यावर थांबली, आणि घंटा वाजली ती समोरच्या दाराची. त्या रात्रीनंतर आपण लढवय्ये नाही हे आपल्याला कळून चुकलं, असं ओइस्त्राख म्हणाले.

हे रोस्त्रोपोविचना सांगण्यामागे कारण होतं. रोस्त्रोपोविच यांनी सरकारच्या रोषाला आलेले लेखक सोल्झेनित्सिन यांना आपल्या घरी आसरा दिला आणि 1970 मध्ये त्यांच्या बाजूने उघड पत्र लिहिलं. मग त्यांचे दौरे आणि मैफली आटत गेल्या. 1974 ला त्यांनी देश सोडला, 1978 ला नागरिकत्व काढून घेतलं गेलं. जगातल्या पहिल्या रांगेतल्या चेलोवादकाची ही गत. परदेशी मैफली करणाऱ्यांचं मानधनही 'गॉसकॉन्सर्ट' या सरकारी संस्थेकडे जमा होई आणि वादकाच्या हाती त्यातला लहानसा हिस्सा पडे. ओइस्त्राखना भित्रं म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं. त्या मजल्यावर आपण राहिलेलो नाही.

सॅक्सोफोनचं म्हणाल तर, बंदी कायमची नव्हती, पण आली ती क्रूरपणे आली. युद्धात जाझचे वाद्यवृंद आघाडीवर सैनिकांसमोर वाजवत होते. शीतयुद्ध सुरू झालं आणि तेच संगीत शत्रूचं ठरलं. 1949 मध्ये मॉस्कोतल्या सॅक्सोफोनवादकांना वाद्यं कार्यालयात आणून जमा करायला लावली आणि त्यांच्या ओळखपत्रांवर दुसऱ्याच वाद्याचं नाव टाकलं. काल सॅक्सोफोनवर पोट भरणारा माणूस कागदोपत्री ओबो किंवा बासून या दुसऱ्या सुषिर वाद्यांचा वादक झाला. आणि सोव्हिएत संगीतकार खाचातुर्यानच्या प्रसिद्ध 'तलवार नृत्या'त अल्टो सॅक्सोफोन आहे, प्रोकोफिएवच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये टेनर सॅक्सोफोन आहे! म्हणजे देशाच्या मानाच्या रचनांतलं वाद्यसुद्धा वाचलं नाही.

याच काळातला एडी रोझनर मला सगळ्यात जास्त चटका लावतो. बर्लिनमध्ये 1910 साली जन्मलेला ज्यू ट्रम्पेटवादक. हिटलरपासून पळत वॉर्सा, तिथून 1939 मध्ये सोव्हिएत हद्दीत. बेलारूसच्या सरकारी जाझ वाद्यवृंदाचा तो प्रमुख झाला, देशभर गाजला. 1946 मध्ये कुटुंबासह पोलंडला परतायच्या धडपडीत पकडला गेला आणि थेट कैद्यांच्या श्रमछावणीत, पुढे अतिपूर्वेच्या गोठलेल्या कोलिमातल्या छावण्यांत. तिथेही अधिकाऱ्यांना करमणूक हवीच होती, म्हणून कैद्यांमधून वादक गोळा करून त्याने बँड बांधला. त्याने वाजवलं म्हणून तो जगला. 1954 मध्ये सुटल्यावर मॉस्कोत पुन्हा मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि 1973 मध्ये देश सोडल्यावर त्याचं नाव सोव्हिएत संगीताच्या इतिहासातून पुसलं गेलं. हात न लावता वाजणाऱ्या थेरेमिन या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा शोध लावणारा लेव तेरमेनही कोलिमाला जाऊन आला. 1922 मध्ये त्याने ते वाद्य स्वतः लेनिनला दाखवलं होतं.

वाद्य न हिसकावता बदलून टाकणं हा आणखी एक प्रकार. आपल्या लोकांनी तो जरूर समजून घ्यावा, कारण श्रुती काय चीज आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही. ताश्कंदमध्ये अशोत पेत्रोसियांत्स यांच्या कार्यशाळेत उझ्बेक दुतार, रुबाब, गिजाक ही तंतुवाद्यं नव्याने बांधली गेली. पडदे पियानोच्या बारा समान स्वरांना जुळवून पक्के केले, आणि एकेका वाद्याचं खर्जापासून तारापर्यंत कुटुंब तयार केलं. कशासाठी, तर साठ-सत्तर जणांच्या वाद्यवृंदाला स्वरलिपी समोर ठेवून एकत्र वाजवता यावं. कारागिरी अव्वल होती, आणि अनेक तरुणांना त्यातून कायमची नोकरी मिळाली. पण उस्तादाच्या मांडीला मांडी लावून शिकलेला, दोन पडद्यांमधला स्वर त्या नव्या वाद्यावर लागेना. माझ्या मते हे नुकसान सॅक्सोफोनच्या बंदीपेक्षा मोठं आहे. बंदी उठली तसा सॅक्सोफोन परत आला.

मामांच्या काळात दहशत ओसरली होती, कागदपत्रं उरली होती. पॉप गटांना 'गायन-वादन समूह' म्हणून सरकारी संस्थेत नाव नोंदवावं लागे, समितीपुढे वाजवून दर्जा ठरे, त्यावर पगार ठरे, गाण्यांची यादी मंजूर करून घ्यावी लागे. इलेक्ट्रिक गिटारी देशी मिळत, 'तोनिका' किंवा 'उराल', दोन्ही जड आणि बोटांची परीक्षा पाहणाऱ्या. पूर्व जर्मनीची 'मुझिमा' किंवा चेकोस्लोव्हाकियाची 'योलाना' मिळाली तर चैन. बाकीची पोरं गिटार घरीच बनवत. प्लायवूड कापायचं आणि पिकअपसाठी (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागासाठी) सार्वजनिक फोनच्या रिसीव्हरमधला चुंबकाचा डबा काढून आणायचा, हे त्या पिढीच्या कित्येक वादकांनी सांगितलंय. ज्यांना समितीपुढे जायचंच नव्हतं ते बॉयलरवर कोळसा टाकायची किंवा रखवालीची नोकरी धरत, कारण नोकरी नसणं हाच गुन्हा होता. रॉक गायक व्हिक्तोर त्सोय लेनिनग्राडच्या अशाच एका बॉयलरघरात कामाला होता.

ऐकायची सुरुवात सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या पहिल्या व्हायोलिन कॉन्चेर्तोपासून, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेपासून करा, ओइस्त्राख यांचंच वादन घ्या. ही रचना तयार होत होती तेव्हाच, फेब्रुवारी 1948 मध्ये, पक्षाच्या ठरावाने शोस्ताकोविच, प्रोकोफिएव, खाचातुर्यान सगळ्यांना झोडपलं. मग ती खणात पडून राहिली, आणि स्तालिन गेल्यावर 1955 मध्ये लेनिनग्राडला पहिल्यांदा वाजली. तिसऱ्या भागाच्या शेवटी एकट्या व्हायोलिनचा लांबलचक कादेन्झा आहे आणि तो न थांबता शेवटच्या भागात शिरतो. मूळ आराखड्यात तिथेही व्हायोलिनच सुरू करणार होतं. ओइस्त्राख यांनी विनंती केली की पहिल्या काही मात्रा वाद्यवृंदाला द्या, मला निदान कपाळाचा घाम पुसू द्या. शोस्ताकोविचनी ते लगेच ऐकलं. त्या जागी कान द्या, व्हायोलिन क्षणभर गप्प होतं आणि मागून सगळे तुटून पडतात. त्यानंतर एडी रोझनरची 1940 च्या दशकातली ध्वनिमुद्रणं शोधा.