टीव्हीवरच्या जुन्या गाड्यांच्या मालिका पाहून स्वतःची जुनी गाडी नव्यासारखी करायला घ्यावी का? यातली कोणती मालिका खरं शिकवते?

तुम्ही लिहिलंय की घरी 1968 ची फियाट उभी आहे, 'व्हीलर डीलर्स' आणि 'कार एसओएस' पाहून हुरूप आलाय, आणि एका भागात होणारं काम घरी किती दिवसांत होईल हे जाणून घ्यायचंय. गाडी जरूर करा. पण वेळ आणि पैसा या दोन गोष्टींचा अंदाज या मालिकांवरून बांधू नका.

'व्हीलर डीलर्स' 2003 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. माईक ब्रुअर गाडी घ्यायचा, एड चायना दुरुस्त करायचा. शेवटी खरेदी, सुटे भाग आणि विक्री यांचा हिशोब पडद्यावर यायचा, पण त्यात एडची मजुरी कधीच धरलेली नसायची. ती धरली तर बहुतेक गाड्यांतला नफा उरणार नाही. तरीही शिकायला हीच मालिका सर्वांत चांगली, तेही एडच्या काळातले भाग. एखादा पार्ट बिघडला की तो उघडून आत नक्की काय झिजलंय ते एड दाखवायचा, आणि जमेल तिथे अख्खा पार्ट बदलण्याऐवजी तोच दुरुस्त करायचा. 2017 मध्ये त्याने मालिका सोडली. वर्कशॉपमधली सविस्तर दृश्यं कमी करायचा निर्मात्यांचा विचार आपल्याला पटला नाही, असं त्याने स्वतः सांगितलं. प्रेक्षक तेव्हा फार नाराज झाले आणि माझ्या मते ती नाराजी अगदी योग्य होती. लोक ती मालिका पाने-स्क्रूड्रायव्हर पाहायलाच लावत होते.

'कार एसओएस'मध्ये फझ टाउनशेंड आणि टिम शॉ आजारपणाने किंवा अडचणीने गांजलेल्या मालकाची गाडी गुपचूप नेऊन पूर्ण करून देतात. गंजाचं काम ते प्रामाणिकपणे दाखवतात, म्हणून ती जरूर पाहा. मात्र त्यामागे अख्खी टीम असते आणि बरीचशी कामं बाहेरच्या तज्ज्ञांकडून होतात. 'ओव्हरहॉलिन'मध्ये चिप फूज आणि त्याची माणसं दिवसरात्र खपून आठवडाभरात गाडी उभी करायची. डिझाइन बघायला ती उत्तम, वेळापत्रक म्हणून निरुपयोगी. 'ग्रेव्हयार्ड कार्झ' मात्र वेगळी आहे. क्रायसलरच्या जुन्या गाड्यांवर कारखान्यातल्या तपासनिसाने केलेल्या खुणासुद्धा तिथे जशाच्या तशा परत उमटवतात. मूळ रूप जपणं म्हणजे काय, हे त्यात कळतं.

आता या मालिकांत जे कापलं जातं, ते सांगतो. सगळ्यात जास्त तास पत्र्यात जातात आणि बहुतेक मालिकांत ते अर्ध्या मिनिटात उरकतं. तुमच्या फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून आधी दाराखालच्या पेट्या, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा गंजल्या आहेत का, ते स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक बॉडीवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली लांबीचा (खड्डे भरायच्या पुट्टीचा) थर आहे. दाराखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाईप छोट्या टाक्यांनी वेल्ड करून घ्या. तो न लावता पेटी कापली की बॉडी मधून खचते, आणि नवा पत्रा बसल्यावर दार लागतच नाही. वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुढे येणाऱ्या गॅसच्या मशीनने), 0.6 मिमी तारेने. सलग ओढू नका: दोन-अडीच सेंटीमीटरवर एकेक टाका, मग दुसऱ्या टोकाला, पत्रा गार होईस्तोवर थांबत. एका दमात शिवण घातली तर पत्रा तापून लाटा पडतात आणि त्या झाकायला लांबी चढवावी लागते. लांबी 2-3 मिमीच्या वर नको. जाड थर पुढे तडकतो.

सँडब्लास्टिंग पडद्यावर फार देखणं दिसतं. छत आणि बॉनेटवर ते जोरात मारू देऊ नका, सपाट पत्रा ताणला जाऊन फुगतो. तिथे पेंट रिमूव्हरच बरा. आणि उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर गेलाच पाहिजे. पावसाळ्यात तर रात्रभरात तांबूस थर येतो. प्रायमर पुरता सुकण्याआधी रंग मारला तर तो नंतर आक्रसतो आणि पॉलिश पेपरचे ओरखडे वर उमटतात. घाईत केलेल्या गाड्या दोन महिन्यांनी फिक्या दिसतात त्या यामुळेच.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन पहिल्यांदा सुरू करणं. टीव्हीवर बॅटरी जोडतात, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. बरीच वर्षं उभ्या गाडीला हे अजिबात करू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस राहू द्या. मग इंजिनच्या पुढच्या टोकाला असलेल्या क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. व्हॉल्व्ह चिकटला असेल तर त्याला ढकलणारा दांडा (पुशरॉड) वाकतो, आणि पिस्टनच्या कोरड्या रिंगांनी सिलिंडरला आतून ओरखडे पडतात. मोकळं फिरलं की ऑइल बदला, प्लग न लावताच सेल्फने फिरवून ऑइलचा दाब येऊ द्या, त्यानंतर प्लग. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका, छोट्या कॅनमधून नळी द्या.

ब्रेककडेही नीट लक्ष द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्याने चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरला (व्हील सिलिंडर) आतून खड्डे पडतात. अशा सिलिंडरमध्ये नुसते रबर बदलले तर महिन्याभरात परत गळती. सिलिंडरच बदला, आणि ब्रेक ऑइलचा रबरी होज वरून धड दिसला तरी बदला. आतून फुगला की ऑइल परत येत नाही आणि चाक धरून राहतं.

जुन्या गाड्यांचं रूप बदलून विकणाऱ्या 'फास्ट एन लाऊड' या मालिकेसारखं इंजिन किंवा बॉडी बदलायचा मोह झाला तर आधी एक लक्षात घ्या. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी 'व्हीए' या नंबरच्या सिरीजमध्ये व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. तुमची फियाट वयाने त्यात बसते. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, अगदी गंजलेला नट-बोल्टसुद्धा, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा आणि उघडण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा.