हणजूणच्या पेटीतल्या कॅसेट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या भाड्याच्या खोल्यांत पूर्वी राहून गेलेल्या परदेशी पाहुण्यांची एक पत्र्याची पेटी माळ्यावर होती. आत ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलींच्या तीसेक कॅसेट निघाल्या. एकीवर ‘5-8-77, कॉर्नेल, एसबीडी’ असं लिहिलंय, काहींवर फक्त तारखा आहेत. काही रिळांच्या कडांवर पांढरी बुरशी दिसते. यात दुर्मिळ काही असेल का? आणि वाजवायच्या कशा?
– एक वाचक, हणजूण

उत्तर : अजून एकही वाजवू नका. बुरशी लागलेली कॅसेट डेकमध्ये गेली की तिची पूड हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) आणि रबरी चाकावर बसते, आणि तिथून ती पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे दात आधी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

बुरशीच्या कॅसेट वेगळ्या काढा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे त्या आधी नीट वाळायला हव्यात. घट्ट झाकणाच्या डब्यात पाव किलो सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक आणि कॅसेट ठेवा. काटा 40 टक्क्यांच्या आसपास स्थिरावल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. उन्हात ठेवू नका. ओव्हनमध्ये टेप ‘भाजण्याचा’ सल्ला कुणी देईल, पण तो उपाय मोठ्या रिळांच्या काही चिकट झालेल्या टेपसाठी आहे, कॅसेटसाठी नाही.

साफसफाई व्हरांड्यात करा, पंखा बंद ठेवा आणि एन-95 मास्क लावा. पाच स्क्रू असलेलं कवच उघडताना कॅसेट आडवी ठेवा, वरचा भाग सरळ उचला आणि लगेच मोबाइलवर फोटो काढा. कोपऱ्यातल्या चाकांवरून टेप कशी फिरते हे नंतर आठवत नाही. रिळाच्या कडेवरची बुरशी कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, मग हाताने हळूहळू गुंडाळत टेपचे दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्या. मधल्या पितळी पट्टीवरचा फेल्टचा तुकडा हमखास निसटलेला असतो, कारण दमट हवेत त्याचा गोंद सुटतो. तो नसेल तर टेप हेडला टेकत नाही आणि आवाज दबका येतो. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन्ही रिळं स्क्रूच्या नव्या कवचात हलवणं. चिकटवलेलं, स्क्रू नसलेलं कवच असेल तर सांध्यावर पातळ पातं घालून ते फोडावंच लागतं.

आता तुमच्या त्या कॅसेटबद्दल. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, म्हणून 5-8-77 म्हणजे 8 मे 1977. ते 5 ऑगस्ट असूच शकत नाही : ड्रमवादक मिकी हार्टच्या अपघातामुळे बँडच्या मैफली जूनपासून 3 सप्टेंबरपर्यंत बंद होत्या. एसबीडी म्हणजे साउंडबोर्ड, थेट ध्वनिमिश्रकातून घेतलेला आवाज. कॉर्नेल विद्यापीठातल्या बार्टन हॉलची ही मैफल बेटी कँटर-जॅक्सन यांनी रेकॉर्ड केली होती. तिच्या प्रती जगभर फिरल्या आणि 2017 मध्ये ती अधिकृतपणे प्रसिद्धही झाली. म्हणजे ती सुंदर आहे, पण दुर्मिळ नाही.

खरा शोध बाकीच्या कॅसेटमध्ये घ्या, विशेषतः प्रेक्षकांत बसून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये. ती ओळखायची कशी? टाळ्या आणि बोलणं कानाजवळ, ढोल-बास घुमणारा असेल तर प्रेक्षकांतली. गाणाऱ्याचा आवाज पुढे, कोरडा आणि टाळ्या लांब असतील तर साउंडबोर्ड. मग तीच तारीख इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर काढा आणि एकच गोष्ट तपासा : टेप उलटताना गाणं कुठे तुटलंय. सी-90 ची (90 मिनिटांच्या कॅसेटची) एक बाजू 45 मिनिटांत संपते आणि प्रत्येक रेकॉर्ड करणाऱ्याने ती वेगळ्या क्षणी उलटलेली असते. तुमच्या टेपवरचा तुटलेला भाग तिथल्या सगळ्या प्रतींपेक्षा वेगळ्या ठिकाणी असेल, तर तुमच्या हातात बहुधा वेगळं रेकॉर्डिंग आहे. (नंतरच्या कॉपीतही नवा कट पडू शकतो, म्हणून टाळ्या आणि जवळपासची बोलणीही जुळवून पाहा.) तिथे तुटलेल्या गाण्याचा हरवलेला तुकडा तुमच्याकडे सापडला, तर तो सोन्यासारखा जपा.

संगणकावर घेताना हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेप एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. दोन्ही चॅनेल मोनो करून ऐकत हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवा, झांजा सगळ्यात लख्ख वाजतील तिथे थांबा. स्क्रूची मूळ जागा आधी मार्करने खूण करून ठेवा. कॅसेटवर डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) लिहिलं नसेल तर डेकवर ती बंदच ठेवा. 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड करा, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. 90 मिनिटांची फाइल 3 जीबीहून थोडी मोठी होते. खरखर काढणारी फिल्टर मूळ फाइलवर लावू नका.

प्रश्न : माझ्याकडच्या टेपवर गिटार किंचित चढ्या सुरात वाजते. टेप वेगाने फिरतेय हे कसं मोजायचं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन गाण्यांमधल्या शांत जागेत विजेची घरघर शोधा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, आपल्याकडे 50 ची. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तुकड्याचा स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्‌झला किती आवाज आहे याचा आलेख) काढा : 50 ची रेघ तुमच्या घरातल्या वायरिंगची, 60 च्या आसपासची मैफलीच्या सभागृहातली. ती 61.2 वर दिसली तर टेप 2 टक्के वेगाने आहे. 180 जवळची रेघ पाहा, तिथे फरक तिप्पट दिसतो. दुरुस्ती करताना वेग आणि सूर दोन्ही बदलणारा पर्याय घ्या, नुसता सूर बदलू नका. ग्रेटफुल डेडच्या 1972 च्या युरोप दौऱ्याच्या टेपवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथली वीजही 50 चीच. पण त्या दौऱ्याच्या सगळ्या 22 मैफली 2011 मध्ये अधिकृतपणे निघाल्या आहेत. त्यांच्याशी सूर जुळवा.

प्रश्न : अशा रेकॉर्डिंगच्या सीडी करून बुधवारच्या बाजारात विकता येतील का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. ग्रेटफुल डेडने प्रेक्षकांना रेकॉर्डिंग करू दिलं, 1984 पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाही राखली, पण अट एकच : देवाणघेवाण करा, पैसे घेऊ नका. इंटरनेट अर्काइव्हवर 2005 पासून प्रेक्षकांतली रेकॉर्डिंग उतरवून घेता येतात, साउंडबोर्ड फक्त ऐकता येतात. तुम्ही वाटाल ते फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात) द्या, एमपी3 मध्ये नको. सोबत एका साध्या फाइलमध्ये कॅसेटचा ब्रँड आणि प्रकार, डेकचं मॉडेल, डॉल्बी चालू होतं की बंद, आणि वेग बदलला असेल तर किती टक्के, हे लिहा. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला.