मशीन बंद केलं की पाणी धो धो का येतं? : एसीच्या ड्रेन आणि डक्टबद्दल वाचकांचे प्रश्न

दादरमध्ये आमचं कपड्यांचं दुकान आहे. फॉल सीलिंगवर साडेआठ टनांची दोन डक्टेबल मशीनं (डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, गार हवा देणारी) आहेत. सीलिंगमधून पाणी टपकतं म्हणून ड्रेन दोनदा फुंकून साफ करून घेतला, तरी आठवड्यात पुन्हा तेच. गंमत म्हणजे रात्री मशीन बंद केलं की मोरीत पाणी एकदम धो धो येतं.

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. पाइप तुंबलेला असता, तर मशीन बंद केल्यावरही पाणी आलं नसतं. तुमच्या मशीनमध्ये ब्लोअर कॉइलच्या पुढे आहे, तो कॉइलमधून हवा ओढतो. त्यामुळे कॉइलखाली पाणी झेलणाऱ्या ट्रेच्या जागी दाब बाहेरपेक्षा कमी असतो. ड्रेनला ट्रॅप (पाणी भरून राहणारं यू आकाराचं वळण) नसला की त्याच पाइपातून बाहेरची हवा उलटी आत शिरते आणि पाण्याला अडवून धरते. ट्रे भरतो, काठावरून सांडतो. ब्लोअर थांबला की अडलेलं पाणी एकदम सुटतं.

उपाय म्हणजे योग्य खोलीचा ट्रॅप. ट्रेजवळ 50 मिमी पाण्याइतका ओढ-दाब असेल, तर ट्रॅपचं बाहेरचं तोंड ट्रेच्या तोंडापेक्षा 75 मिमी खाली हवं, आणि तिथून यूचा तळ आणखी 40 मिमी खाली. पाइपाची जाडी धरली तर साधारण 150 मिमी जागा लागते. घोळ होतो तो इथेच. सीलिंग उंच दिसावं म्हणून मशीनखाली जागाच सोडत नाहीत, आणि मग ड्रेनवाला दोन एल्बो जोडून नावापुरता ट्रॅप बनवतो. त्याचा उपयोग शून्य. दोन्ही मशीनांना स्वतंत्र ट्रॅप द्या, मगच लाइन एकत्र करा. नाहीतर बंद मशीनच्या ड्रेनमधून चालू मशीन हवा ओढेल. व्हेंट (हवेसाठी उघडा पाइप) द्यायचा तर ट्रॅपच्या पुढे, ट्रेच्या बाजूला नाही. बरेच दिवस मशीन बंद असेल तर ट्रॅप सुकतो, तेव्हा सुरू करण्याआधी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता.

आता ढाळ. दर मीटरला किमान 10 मिमी. लाइन 12 मीटर लांब असेल तर शेवटचं टोक 120 मिमी खाली यायला हवं. तेवढी जागा नसेल तर मोरी जवळची शोधा, ढाळ कमी करू नका. पीव्हीसी पाइपाला मीटर-सव्वा मीटरवर आधार द्या, नाहीतर मध्येच झोळ पडतो, तिथे पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. मुंबईच्या दमट हवेत टनामागे तासाला साधारण एक ते दीड लिटर पाणी निघतं. तुमची 17 टनांची मशीनं म्हणजे तासाला बादलीभर! एका मशीनला 32 मिमीचा पाइप पुरतो, एकत्र लाइन 40 किंवा 50 मिमीची ठेवा आणि फांद्या तिला वरून जोडा.

ड्रेन पावसाळी पाइपात थेट घुसवला असेल तर आधी तो काढा. जुलैच्या धुवाधार पावसात तो पाइप भरून वाहतो आणि पाणी उलटं ट्रेपर्यंत चढतं. पाइपाचं तोंड मोरीच्या जाळीच्या चार बोटं वर सोडा. वासही आत येणार नाही. सीलिंग बंद करण्यापूर्वी प्रत्येक ट्रेत दोन बादल्या पाणी ओतून पाहा.

लोअर परळला आमची जिम आहे. ड्रेन ठीक आहे, पण जून ते सप्टेंबर डक्टलाच घाम येतो आणि सीलिंगवर तपकिरी डाग पडतात. इन्सुलेशन तर केलंय.

इन्सुलेशन कुठे नाही, ते शोधा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन बसते) 25 अंशांच्या आसपास असतो आणि डक्टमधून 13-14 अंशांची हवा वाहते. उघडं राहिलेलं बोटभर पत्र्याचं तोंडही टपकू लागतं. फ्लँज (डक्टचे सांधे), कॉलर, डिफ्यूझरची (हवा सोडणाऱ्या जाळीची) मान आणि हँगरची पट्टी, हे नेहमीचे गुन्हेगार. पट्टीखाली नायट्राइल रबर दबलं की त्याची जाडीच संपते. तिथे लाकडी ठोकळा किंवा पफचा (कडक फोमचा) तुकडा हवा. बिनएसीच्या सीलिंग-पोकळीत 9 मिमी रबर लावून पैसे वाचवलेले दिसतात. तिथे 19 ते 25 मिमी हवं. गोंद दोन्ही बाजूंना लावून तो चिकट होईपर्यंत थांबा, मगच जोडा. रबर ओढून ताणू नका, कारण सांधा हळूहळू उघडतो. ग्लासवूल भिजलं असेल तर वर नवा थर चढवू नका, काढून टाका. आणि टॉयलेटचे एक्झॉस्ट पंखे तेवढीच बाहेरची दमट हवा सीलिंगच्या फटींतून आत ओढत नाहीत ना, तेही पाहा.

फोर्टमधल्या ऑफिसात नवीन पाइपिंग होतंय. ब्रेझिंग (तांब्याच्या पाइपांचे सांधे तापवून जोडणं) करताना नायट्रोजन सोडायची गरज नाही, असं मिस्त्री म्हणतात. खरं का?

नाही. तापलेल्या तांब्याच्या आत हवा असली की काळी पापुद्री धरते, ती पुढे सुटून स्ट्रेनर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते. नायट्रोजनची मंद धार चालूच ठेवायला सांगा. एसीतला गॅस आर-410ए असेल तर कंपनीच्या मॅन्युअलात दिलेल्या दाबाला 24 तास टेस्ट धरा आणि सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान लिहून ठेवा. 500 पीएसआयवर हवा 10 अंशांनी गार झाली तर काटा गळती नसतानाही 17 पीएसआयच्या आसपास उतरतो. त्यानंतर पंपानं पाइप रिकामा करून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत न्या. गॅसच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन करा. एकाच नळीत दोन्ही कोंबू नका.

अंधेरीच्या ऑफिसात शेवटच्या केबिनला हवाच येत नाही. फ्लेक्सिबल डक्ट सात मीटर आहे.

मग येणार कशी? फ्लेक्सिबल डक्ट दीड मीटरपर्यंतच, तोही पूर्ण ताणलेला. बाकी साडेपाच मीटर पत्र्याचा करा. मुख्य डक्टचा आकारही तपासून घ्या: टनामागे साधारण 400 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), म्हणजे दहा टनांना 4000. मिनिटाला 1200 फूट वेग धरला तर 24 बाय 20 इंचांचा डक्ट लागतो. हे दोन्ही जमल्यावरच डँपरला (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) हात लावा.